घर रिकामं, तरी भाड्याने नाही: दग्याची धास्ती नेमकी कशी काम करते

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नव्या वसाहतीखाली रात्री आठ वाजता उभं राहून वर बघा. बऱ्याच खिडक्यांत दिवा नसतो. त्याच रस्त्यावर एजंटच्या दुकानात मात्र लोक घर शोधत असतात. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातली साधारण १२ टक्के घरं रिकामी होती. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा सुमारे ४.८ लाख दिला आहे, आणि तो देशातल्या शहरांत सर्वांत मोठा होता. यातली सगळी घरं भीतीमुळे बंद नाहीत. काही भाव वाढण्याची वाट बघत पडून असतात, काही विकली गेलेली नसतात. पण मालकांशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नको बाबा, एकदा आत बसला की बाहेर काढायचा कसा?’

हे वाक्य वरवर पैशाबद्दलचं वाटतं, पण त्यातली भीती वेगळी आहे, आणि घरभाड्यापासून भिशीपर्यंत अनेक ठिकाणी आपले व्यवहार तीच ठरवते.

## नुकसान एकच, पण केलं कोणी?

पावसाने माळ्यावरचं दहा हजारांचं धान्य भिजलं, तर आपण हळहळतो. तेच दहा हजार शेजाऱ्याने हातउसने नेऊन बुडवले, तर वर्षानुवर्षं विसरत नाही. रक्कम तीच आहे, मात्र दुसऱ्या वेळी ती आपण विश्वासाने हातावर ठेवलेली होती. नशिबाने होणाऱ्या तोट्यापेक्षा माणसाच्या हातून होणारा तेवढाच तोटा टाळायला आपण जास्त किंमत मोजतो. अभ्यासक ज्याला विश्वासघाताची नावड म्हणतात ती हीच. या लेखात तिला ‘दग्याची धास्ती’ म्हणू.

ही नावड मोजताही येते. आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउजर या अभ्यासकांनी २००४ मध्ये एका साध्या खेळाचे निकाल मांडले. दोन अनोळखी माणसं. पहिल्यापुढे दोन वाटा. सुरक्षित वाट घेतली तर दोघांना प्रत्येकी १० डॉलर. विश्वासाची वाट घेतली तर निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो: तो प्रामाणिक राहिला तर दोघांना १५-१५, उलटला तर त्याला २२ आणि पहिल्याला फक्त ८. पहिल्याला विचारलं, ‘समोर येणाऱ्यांपैकी किमान किती जण प्रामाणिक असतील तर तू ही जोखीम घेशील?’

गणित अवघड नाही. जिंकलो तर ५ जास्त, हरलो तर २ कमी. सातपैकी दोन माणसं प्रामाणिक निघाली तरी सरासरीने पदरात १० च पडतात. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबाने ३० टक्क्यांच्या आतबाहेर प्रामाणिकपणा पुरेसा आहे. नंतर हाच खेळ दुसऱ्या लोकांपुढे ठेवला, रकमा त्याच, पण निर्णय माणसाऐवजी चिठ्ठीवर सोडला. चिठ्ठी निर्णय घेणार असेल तर लोक कमी शक्यतेवर तयार झाले, आणि माणूस घेणार असेल तर त्यांनी जास्त खात्री मागितली. २००८ मध्ये ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि अमेरिका या सहा देशांत हाच खेळ झाला, तेव्हाही सर्वसाधारण कल हाच दिसला.

राखण करणाऱ्याकडूनच घात व्हायचा असेल तर ही नावड आणखी टोकाला जाते. २००३ मधल्या एका अभ्यासात लोकांना गाडीच्या दोन एअरबॅगांतून एक निवडायची होती. पहिली असताना गंभीर अपघातात मरण्याची शक्यता २ टक्के. दुसरीमुळे ती १ टक्का, पण एअरबॅगच्याच धक्क्याने मरण्याची शक्यता वेगळी, दहा हजारांत एक. दुसरी उघड उघड जवळपास दुप्पट सुरक्षित आहे. तरीही अनेकांनी पहिलीच घेतली. ज्याच्यावर जीव सोपवला त्यानेच जीव घ्यावा, ही कल्पना त्यांना सोसवली नाही.

## मालकाची भीती हवेतून आलेली नाही

भाडेकरूबद्दलच्या धास्तीला निव्वळ वेडेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. तिला इतिहास आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते, किंवा जागा नंतर पहिल्यांदा भाड्याने गेली असेल तर तेव्हाचं भाडं, हे ‘प्रमाण भाडं’ ठरलं. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना हे संरक्षण गरजेचं होतं. पण पुढची कित्येक दशकं ते तसंच राहिलं. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन गोठलेल्या भाड्यावर घेतलेल्या, चाळींत आजही जे भाडं भरलं जातं त्यात जिन्यातल्या दिव्याचं बिलसुद्धा निघत नाही.

यातून सुटायला मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली. यात राहणारा भाडेकरू नसतो, त्याला फक्त वापराची परवानगी असते. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा परवाना चालू होता ते संरक्षित भाडेकरू मानले गेले. राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं. पण ज्याने ठरावीक मुदतीसाठी परवाना दिला होता, त्याच्या हातून घर कायमचं गेल्यासारखंच झालं. ‘कागद केला तरी उपयोग नाही’ ही समजूत तेव्हापासून घराघरांत मुरली. ज्यांचा जन्मही त्यानंतरचा आहे तेही ती बोलून दाखवतात.

## आजचा कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सपुरतं त्याने चित्र बरंच बदललं.

कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक दिवाणी कोर्टाच्या लांब वाटेऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. लेखी करार हा तिथे निर्णायक पुरावा असतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याला बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, नाहीतर आदेश मालकाच्या बाजूने जाऊ शकतो. जागा अडवून ठेवल्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दग्याला घाबरणारेच पुष्कळ मालक नोंदणीचा खर्च वाचवतात, हे पाहून खरोखर वाईट वाटतं. खर्च आहे किती? महिना २० हजार भाडं, ६० हजार परत करायची अनामत, ११ महिने. एकूण भाडं २,२०,०००, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के या हिशेबाने ११ महिन्यांचे ५,५०० मिळवायचे. २,२५,५०० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण ५६४ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. आधारवर ठसे घेऊन हे काम घरबसल्याही होतं.

दोन गैरसमज इथेच दूर करू. ‘११ महिन्यांचाच करार हवा, नाहीतर हक्क लागतो’ हा पहिला. नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, तिथून ही सवय पडली. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच, आणि पाव टक्क्याचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला आहे. दुसरा, ‘१२ वर्षं राहिला की घर त्याचं’. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे केलेल्या ताब्याला लागतो. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा निव्वळ वर्षं मोजून तसा होत नाही.

## दुप्पट भरपाई आहे, तरी भीती का जात नाही?

कारण भरपाई पैशाचं नुकसान भरून काढते, आणि भीती पैशाची नव्हतीच. आकडे मांडून बघू.

समजा, वरच्या उदाहरणातल्या २० हजार भाड्याच्या घरातल्या माणसाने ११ महिने भाडं दिलं आणि मग आठ महिने फुकट अडून बसला. वकील आणि दुरुस्ती मिळून मालकाचे ६० हजार गेले. दुप्पट भरपाई हाती लागलीच नाही असं धरू, अनामतही सोडून देऊ. तरी १९ महिन्यांत मालकाकडे १,६०,००० उरतात. शेजारच्या बंद घराच्या मालकाकडे शून्य, आणि सोसायटीचा मेंटेनन्स दोघांनाही जवळपास सारखाच. फसवला गेलेला मालक कुलूप लावणाऱ्यापेक्षा दीड लाखांनी पुढे आहे! तरीही सोसायटीच्या सभेत ‘बघा, त्याचं काय झालं’ म्हणून उदाहरण त्याचंच दिलं जाईल, आणि कुलूप लावणारा शहाणा ठरेल.

या हिशेबाला एक अट आहे. मधल्या काळात घर विकायचं असेल किंवा स्वतःला राहायला हवं असेल, तर आठ महिन्यांचा उशीर खरोखर महागात पडतो. अशा मालकाने थांबणं समजू शकतं. पण ज्याला पुढची पाच वर्षं घर लागणार नाही, तोही थांबतो.

म्हणून ‘दंड वाढवा’ हा उपाय अपुरा पडतो. दग्यानंतर काय मिळेल यापेक्षा दगा होण्याचा संभव किती आणि घर किती लवकर परत मिळेल, याने मालक हलतो. सक्षम प्राधिकाऱ्याचे आदेश वेळेत निघाले आणि अंमलात आले, तर एकेका प्रकरणाचा परिणाम आसपासच्या अनेक कुलपांवर होईल.

## धास्ती दुसऱ्यावर ढकलली की काय होतं?

मालक आपली भीती कमी करायला अनामत वाढवतो. त्याने भीती नाहीशी होत नाही, तिची बाजू बदलते. आता भाडेकरूचे ६० हजार, एक लाख, ‘हेवी डिपॉझिट’ असेल तर कित्येक लाख मालकाकडे अडकतात. रंगाचे पैसे, नळाचे पैसे करत अनामत कापली गेल्याचे किस्से त्याने ऐकलेले असतात. मग शेवटचे दोन-तीन महिने तो भाडंच देत नाही: ‘डिपॉझिटमधून वळते करा.’ मालकाच्या दृष्टीने हाच दगा. पुढच्या वेळी तो आणखी जास्त अनामत मागतो, आणि पुढचा भाडेकरू आणखी लवकर भाडं थांबवतो.

ही साखळी तोडायला वकील लागत नाही. चावी देताना दोघांनी मिळून घरभर फिरून भिंती, नळ, पंखे, ओटा यांचे फोटो काढायचे आणि ते दोघांच्या फोनवर ठेवायचे. वीजमीटरचं रीडिंग करारात लिहायचं. नेहमीच्या वापराने रंग उडणं आणि मोडतोड यांतला फरक आधीच ठरवायचा, म्हणजे रंगाचे किती कापणार तो आकडाच लिहायचा. चावी परत देण्याचा आणि अनामत परत करण्याचा दिवस एकच ठेवायचा, दोघं समोरासमोर. ‘नंतर ऑनलाइन पाठवतो’ या एका वाक्यावर फार भांडणं झाली आहेत.

मालक आणखी एक वाट धरतात, आणि ती सर्वांत जास्त बोचते: ‘आपल्यातलाच’ भाडेकरू शोधणं. आडनाव, जात, धर्म, खाणंपिणं, एकटी बाई आहे का, हे विचारून ते विश्वासाचा अंदाज बांधतात. आडनावावरून भाडं वेळेवर येईल का हे कळत नाही. नोकरीचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाशी फोनवरचं पाच मिनिटांचं बोलणं यातून ते पुष्कळ कळतं. धास्तीने घेतलेल्या या निर्णयांमुळे चांगल्या भाडेकरूंची मोठी संख्या दारातूनच परत जाते.

## कुलूप लावणाऱ्याला आपली चूक कळत का नाही?

कारण ती कळायची सोयच नसते. विश्वास ठेवला आणि फसलो, तर ते कळतं, दुखतं, चार जणांना सांगितलं जातं. विश्वास ठेवलाच नाही, तर तो माणूस प्रामाणिक निघाला असता की नाही हे कधीच कळत नाही. डेटलेफ फेचेनहाउअर आणि डेव्हिड डनिंग यांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. लोकांना अनोळखी माणसांचे छोटे व्हिडिओ दाखवले आणि प्रत्येकावर विश्वास ठेवणार का विचारलं. लोकांनी समोरच्यांचा प्रामाणिकपणा बराच कमी धरला. पण ज्यांना, विश्वास ठेवो न ठेवो, प्रत्येक वेळी खरा निकाल सांगितला गेला, त्यांचा संशय कमी झाला.

एजंटच्या दुकानातही नांदणाऱ्या शंभर करारांची चर्चा होत नाही, अडलेल्या एकाची होते. सोसायटीच्या कार्यालयात लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदी बहुधा असतात. किती करार झाले आणि किती जागा वेळेवर सुटल्या हे सेक्रेटरीने वर्षातून एकदा सभेत वाचून दाखवलं, तर तो एक कागद मालकांना पुष्कळ शिकवेल.

## भिशी का टिकते?

भिशीत नोंदणी नाही, कलम नाही. बारा जणी, महिना पाच हजार, दर महिन्याला साठ हजार एकीला. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघाली ती पाच हजार भरून साठ हजार घेऊन जाते आणि उरलेले ५५ हजार अकरा महिन्यांत फेडते. जिची शेवटी निघते तिने हात रिकामा असताना ५५ हजार भरलेले असतात. म्हणजे दग्याचा मोह सर्वांत जास्त पहिलीला, आणि धोका सर्वांत जास्त शेवटच्या नंबरांना.

जुन्या भिश्यांचे रिवाज याच जागी बेतलेले दिसतात. नवीन बाईचा नंबर मुद्दाम उशिरा ठेवतात, म्हणजे पळून जायला तिच्याकडे उचललेलं काही नसतं. तिला आणणारी तिची जामीन. हप्त्याचा दिवस आणि जागा ठरलेली, त्यामुळे न येणारी त्याच दिवशी उघडी पडते. फेरी पूर्ण झाली की पुढच्या फेरीत तिचा नंबर वर येतो. प्रत्येक पायरीवर जितका विश्वास कमावला तितकाच पणाला लागतो.

भिशी बुडते तीही याच रिवाजांना बगल दिल्यावर. वीस जणांची साठ होतात, कोण कोणाला ओळखतं ते राहत नाही, हप्ते गोळा करणारीच रक्कम फिरवू लागते, जास्त व्याजाचं आमिष येतं. तिथून ती भिशी राहत नाही, एका व्यक्तीकडे ठेवलेली ठेव होते. आपल्या भिशीत या खुणा दिसल्या, तर पुढचा हप्ता देण्याआधी सगळ्या सभासदांना एकत्र बसवून वही मागा.

## दगा करायची संधीच काढून घेतली तर?

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांवर शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत याचं उत्तम उदाहरण आहे. पाणी कमी, शेतं अनेक. शेजारी रात्री पाणी फिरवेल ही भीती प्रत्येकाला. फडात जमिनीचे मोठे तुकडे पाडतात आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच, त्यामुळे पाण्याची गरज आणि पाळी सारखी. शेतकरी आपल्या शेताला स्वतः पाणी देत नाही. ते काम शेतकऱ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी करतो, पिकावर नजर जागल्या ठेवतो, आणि त्यांचा मोबदला सगळ्यांकडून जातो. पाटाच्या दारावर हात ठेवायची पाळीच शेजाऱ्यावर येत नाही, मग त्याच्या हेतूवर शंका घेण्याचं कारणही उरत नाही.

## मग सगळ्यांवरच विश्वास ठेवायचा का?

नाही. दगा करणारी माणसं आहेत, आणि ज्याला फसल्यावर सावरता येणार नाही त्याने जपूनच राहावं. निवृत्तीची सगळी पुंजी ओळखीच्या शब्दावर देणं म्हणजे स्वतःला उघड्यावर टाकणं. निर्णयाआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हाच तोटा, एवढ्याच शक्यतेने, गारपिटीमुळे होणार असता तर मी ही जोखीम घेतली असती का? उत्तर ‘हो’ असेल आणि तरीही मन मागे येत असेल, तर ती दग्याची धास्ती आहे. मग माणसाला नकार देण्याऐवजी रक्कम लहान करा, मुदत तोडा, जामीन घ्या.

## ‘पण घरच्यांकडे कागद कसा मागायचा?’

ही अडचण खरी आहे. ‘लिहून दे’ म्हणणं म्हणजे ‘तू बुडवशील’ म्हणण्यासारखं वाटतं. डनिंग आणि सहकाऱ्यांच्या इतर काही प्रयोगांत तर बोनेट-झेकहाउजर यांच्या निकालाच्या उलट दिसलं. समोर विशिष्ट माणूस असताना लोक चिठ्ठीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, कारण नकार देणं त्यांना त्या माणसाचा अपमान वाटतो. म्हणजे अनोळखी माणसांबद्दल आपण गरजेपेक्षा जास्त घाबरतो, आणि मेव्हण्याला ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून विनाकागद पाच लाख देऊन बसतो.

कागद एका माणसापुरता नसेल तर तो बोचत नाही. भिशीच्या वहीत सगळ्याच सही करतात, म्हणून कोणीच दुखावत नाही. घरातही तसंच करता येतं. भावाला पैसे देताना रक्कम बँकेतून द्यायची, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर आपणच लिहायचं: ‘दादा, आज दोन लाख पाठवले, दिवाळीनंतर महिना वीस हजारांप्रमाणे परत, असं ठरलं. माझ्या लक्षात राहत नाही म्हणून लिहून ठेवतेय.’ त्याचं ‘हो’ आलं की तारीख, रक्कम आणि हप्ता, तिन्ही नोंदले गेले.